सिकलचा क्रायसिस आणि कॅज्युअल्टीतला पहिला तास: आधी काय तयारी ठेवायची, तिथे काय बोलायचं

माझा लहान भाऊ सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पेशंट आहे, एसएस पॅटर्नचा, म्हणजे नुसता वाहक नाही, आजार असलेला, आम्ही मूळ चंद्रपूर जिल्ह्यातले, आता ८ वर्षं झाली घणसोलीत राहतोय. तिकडे गावात सिकल म्हटलं की आशाताईंपासून पीएचसीच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना लगेच कळतं, क्रायसिस म्हणजे काय (सिकलच्या जोरदार दुखण्याचा झटका) ते समजावत बसावं लागत नाही. इकडे तसं नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर सिकल आहे, विदर्भातून आणि नंदुरबारकडून कामाधंद्याला आलेली आपल्यासारखी घरं इकडे आहेत, तरी रात्री २ वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या नवीन डॉक्टरसमोर तापाचे, ॲक्सिडेंटचे, छातीत दुखतंयवाले पेशंट रांगेत असतात आणि सिकलवाला क्वचितच येतो. त्यामुळे तयारी आपणच करून जायची. मी डॉक्टर नाही, औषधाचे डोस इथे लिहिणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटचं वजन आणि जुना अनुभव बघून लिहायचे असतात. पण ते लिहून कसे घ्यायचे आणि तो कागद घेऊन कॅज्युअल्टीत काय करायचं हे मात्र आता मला नीट माहितीये.

एक रात्र सांगते म्हणजे तयारी कशाला ते कळेल. जुलैतला पाऊस, भाऊ कॉलेजातून भिजून आला, रात्री ११ ला पाठ आणि मांड्या धरल्या, १ वाजता रिक्षा करून एका हॉस्पिटलला गेलो. तो स्ट्रेचरवर एका कुशीवर वळून मोबाईलवर क्रिकेटचे जुने व्हिडिओ बघत होता, आवाज बंद, नुसता बघत होता, कारण डोकं दुसरीकडे गुंतवलं तरच त्याला सहन होतं, लहानपणापासून त्याची हीच सवय आहे. डॉक्टर आले, बीपी नॉर्मल, नाडी थोडी वाढलेली, म्हणाले मोबाईल बघतोय म्हणजे एवढं काही दुखत नसेल. मग त्याने स्वतःच सांगितलं की मागच्या वेळी अमुक इंजेक्शनने थांबलं होतं, तर त्या औषधाचं नाव याला कसं माहीत म्हणून उलट त्याच्यावरच संशय, याला सवय लागलीये का असं मलाच बाजूला घेऊन विचारलं. १:१० ला पोचलो होतो, पहिलं इंजेक्शन ३:४० ला मिळालं, ते पण नुसतं डायक्लो (डायक्लोफिनॅक, नेहमीचं दुखण्याचं इंजेक्शन). तो रडला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, त्याच्या पायाची बोटं तेवढी सारखी आवळत होती. ते मला आजही आठवतं.

क्रायसिस मोजायची कुठलीच टेस्ट नसते. रक्तातल्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, चिकटतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, दुखणं त्याचं असतं. एक्स-रेत ते बहुतेक वेळा दिसत नाही, हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असू शकतं, बीपी नॉर्मल असू शकतं. पेशंट जे सांगतो तेच माप. हे मी माझ्या मनाचं नाही सांगत, मोठ्या गाईडलाईन हेच सांगतात. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची २०२० ची गाईडलाईन आहे त्यात स्पष्ट आहे की सिकलचा पेशंट दुखणं घेऊन आला तर पोचल्यापासून १ तासाच्या आत पहिला डोस द्यायचा आणि मग दर ३० ते ६० मिनिटांनी परत विचारून, परत तपासून पुढचा डोस ठरवायचा. इंग्लंडच्या नाईस या उपचारांच्या गाईडलाईन काढणाऱ्या सरकारी संस्थेची २०१२ ची गाईडलाईन तर ३० मिनिटंच सांगते.

आता तो कागद

हे काम क्रायसिस नसताना करायचं, ओपीडीच्या दिवशी, निवांत. तुमचे जे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) किंवा फिजिशियन असतील (लहान मुलाचे बालरोगतज्ज्ञ) त्यांना सांगायचं की डॉक्टर, इमर्जन्सीत दाखवायला एक पानाचं पत्र पाहिजे, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. पहिल्या वेळी आमच्या डॉक्टरांनी फक्त "सिकल सेल पेशंट, गरजेनुसार वेदनाशामक द्यावे" एवढंच लिहून दिलं, त्याचा काही उपयोग होत नाही, गरज कोण ठरवणार हाच तर प्रश्न असतो. दुसऱ्यांदा मी यादी करून नेली. त्यात पाहिजे: आजाराचा प्रकार (एसएस, की सिकल-थॅलसेमिया), सध्याचं वजन आणि ते कधी केलं, बरा असताना त्याचं हिमोग्लोबिन किती असतं, बरा असताना बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन किती येतो, रोजच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे, आधी काय काय झालंय जसं छातीत गेलं होतं का (म्हणजे क्रायसिस फुप्फुसात जाऊन दम लागला होता का), आयसीयूत होता का, पित्ताशयाचं ऑपरेशन, खुब्याचं हाड खराब झालंय का, किडनीचा त्रास. रक्तगट, आणि आधी रक्त चढवताना अँटीबॉडी निघाल्या असतील तर त्या. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, मागच्या क्रायसिसला कुठलं औषध, किती डोस, कुठल्या मार्गाने दिलं तेव्हा आराम पडला, आणि पहिल्याने आराम नाही पडला तर पुढे काय. ती ओळ डॉक्टरांच्या अक्षरात असली की औषधाचं नाव पेशंटच्या तोंडून यायची गरजच राहत नाही. खाली डॉक्टरांचा मोबाईल नंबर, रात्री फोन केला तर चालेल का हे विचारून.

मूळ पत्र फाईलमध्ये, एक झेरॉक्स लॅमिनेट करून भावाच्या कॉलेजबॅगेत, एक फोटो माझ्या, आईच्या आणि त्याच्या मोबाईलमध्ये. पॅटर्नचा रिपोर्ट, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस टेस्टचा, त्याच्या मागेच टाचून ठेवा. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट (पहिली, प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह असलेला कागद पुरत नाही, त्यावरून वाहक आहे की पीडित ते कळत नाही. पक्का रिपोर्टच नसेल तर आधी तो करून घ्या, परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आयसीएमआरची, ती रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते.

आणि त्याच ओपीडीत अजून एक विचारायचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: तुमच्या घराजवळच्या कुठल्या हॉस्पिटलात मॉर्फिन किंवा फेंटानिल (जोराच्या दुखण्याची अफूच्या वर्गातली औषधं) रात्रीसुद्धा मिळतं. सगळीकडे नसतं. मॉर्फिन एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, २०१४ ला कायदा बदलून हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं केलं तरी बऱ्याच ठिकाणी ठेवतच नाहीत. मी दिवसा जाऊन दोन हॉस्पिटलांच्या फार्मसीत आणि कॅज्युअल्टीच्या सिस्टरना सरळ विचारलं, सिकलचा पेशंट आहे, रात्री आणला तर काय देता. एकीकडे ट्रामाडॉलच्या (मॉर्फिनपेक्षा कमी जोराचं औषध) पुढे काही नाही म्हणाले, दुसरीकडे आहे म्हणाले. आता आम्ही तिथेच जातो, १५ मिनिटं जास्त लागतात तरी. मात्र खाली ज्या धोक्याच्या खुणा लिहिल्यात त्यातली एक जरी दिसली तर जे जवळ असेल तिथे जायचं, घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडला अडकून पडायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

घरी काय आणि निघायचं कधी

दुखायला लागलं की पाणी, गरम कपडे, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या लिहून दिलेल्या अंतराने. बर्फ अजिबात लावू नका, शेजारचे प्रेमाने आणून देतात पण थंडीने नसा आणखी आवळतात. जोरात चोळायचं पण नाही. प्रत्येक गोळीची वेळ मोबाईलमध्ये लिहायची, कारण कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच असतो आणि पॅरासिटामॉल घरी घेऊन परत तिथे सलाईनमधून दिलं तर जास्त होऊ शकतं. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन मेडिकलमधून आणून देऊ नका, डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. लिहून दिलेल्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात येत नाही असं दिसलं की निघा, सकाळची वाट बघू नका, आम्ही खूप वेळा "सकाळी जाऊ" करत पहाटे ४ ला गेलोय आणि तोपर्यंत ते इतकं वाढलेलं असतं की आवरायला दुप्पट वेळ लागतो.

घरी थांबायचंच नाही अशा गोष्टी वेगळ्या आहेत. ताप १०१.३ च्या वर, मग दुखत असो नसो. छातीत दुखणं, खोकला, दम लागणं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायात जोर नसणं, अचानक भयंकर डोकेदुखी. लहान मूल एकदम पांढरं पडलं, मलूल झालं, पोटाची डावी बाजू फुगली. डोळे नेहमीपेक्षा खूप पिवळे. पुरुषांमध्ये लिंग ताठ राहून दुखतंय आणि खाली येत नाही, ४ तास झाले तर ती इमर्जन्सीच आहे, हे मुलं लाजून सांगत नाहीत म्हणून वयात आलेल्या पोराला आधीच सांगून ठेवा, बाबांनी किंवा काकांनी सांगितलं तर बरं. घरातली बाई गरोदर असेल तर कुठल्याही दुखण्याला लगेच जायचं. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजले तर कुठेतरी आपटलं असेल असं समजून लेप लावत बसू नका, सिकलची सुरुवात बऱ्याचदा तशीच होते.

कॅज्युअल्टीच्या दारात

सोबत दोघं जायचं. एकजण केसपेपरच्या लाईनीत, दुसरा पेशंटजवळ. पेशंटने बोलायची वेळ येऊ देऊ नका, त्याच्यात ताकद नसते. सिस्टर किंवा डॉक्टर दिसले की मी हे एवढंच म्हणते, पाठच झालंय: "सिस्टर, सिकल सेलचा पेशंट आहे, एसएस पॅटर्न. क्रायसिस आहे, ११ वाजल्यापासून. घरी ही ही गोळी ह्या वेळेला दिली, थांबलं नाही. १० पैकी ९ दुखतंय. हे आमच्या डॉक्टरांचं पत्र, यात औषध लिहिलंय. पहिलं इंजेक्शन तासाच्या आत लागतं." आणि पत्र हातात द्यायचं, मोबाईलमधला फोटो नाही, कागद, कारण कागद केसपेपरला टाचला जातो आणि ड्युटी बदलली तरी तिथेच राहतो.

आकड्यासोबत काय जमत नाही ते पण सांगा. ९ म्हटलं की ऐकणाऱ्याला काही दिसत नाही, पण "पाय टेकवता येत नाही, मोजा पण काढू देत नाही, कूस बदलायला दोघं लागतात" म्हटलं की दिसतं. आणि मोबाईलचं मी आता आधीच सांगून टाकते, डॉक्टर, हा दुखत असताना व्हिडिओ बघतो, लक्ष वळवायला, त्यावरून कमी समजू नका. तेव्हापासून एकदाही कोणी तसं बोललं नाही. पेशंटला एक विचारायचं, नेहमीचंच आहे की वेगळं आहे. तो वेगळं म्हणाला तर ते डॉक्टरला मुद्दाम सांगा, कारण सिकलवाल्याला अपेंडिक्स, पित्ताचे खडे, हाडातलं इन्फेक्शन पण होतं आणि सगळंच क्रायसिस म्हणून खपून जाऊ शकतं. एकाच जागी सूज, लाली, गरम लागतंय, सोबत ताप, हे तर नक्कीच दाखवा.

औषधांबद्दल जेवढं समजलंय ते असं. जोराच्या क्रायसिसला अफूच्या वर्गातलं औषध लागतं, मॉर्फिन, फेंटानिल वगैरे, शिरेतून, आणि पेशंट बघत बघत परत परत. सोबत पॅरासिटामॉल. डायक्लोसारखी औषधं मदतीला चालतात पण किडनी ठीक असेल तरच, शरीरात पाणी कमी असेल किंवा ॲसिडिटीचा अल्सर असेल तर जपून, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा. कंबरेवर सारखी सारखी मसलमध्ये इंजेक्शनं नकोत, तिथेच गाठी होतात, दुखतं आणि औषध सारखं लागू पडत नाही. शिर सापडत नसेल, आणि आपल्या पोरांच्या शिरा खरंच सापडत नाहीत, तर वाट बघत न बसता त्वचेखाली देता येतं, फेंटानिल नाकातून पण देता येतं, लहान मुलांना ते फार बरं पडतं. पेथिडिन (याच वर्गातलं दुसरं औषध) नको असं आमच्या डॉक्टरांनी पत्रातच लिहिलंय, त्याने झटके येऊ शकतात. ट्रामाडॉलने पण झटक्यांचा धोका असतो, आधी फिट आली असेल किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचं. एवढं सगळं देऊन पण हललं नाही तर भूलतज्ज्ञांना बोलवा म्हणून विनंती करता येते, ते कमी डोसमध्ये केटामिन वापरतात, आणि कॅज्युअल्टीत फेंटानिल नसलं तरी ऑपरेशन थिएटरमध्ये बऱ्याचदा असतं, हे एका सिस्टरनेच मला हळूच सांगितलं, तिचे उपकार आहेत.

व्यसन लागेल ही भीती घरात पण असते, आमच्या बाबांना पण होती. क्रायसिसमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी दिलेलं औषध आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या भीतीपायी पोराला तासन् तास तडफडू देऊ नका. पण जपायचं असतं ते श्वासाला. औषध मिळाल्यावर पेशंट झोपतो, झोपला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, दोन रात्रींचं जागरण असतं, म्हणून पुढचा डोस झोपेचं कारण देऊन टळत असेल तर उठवून आकडा विचारा. आणि हाक मारून, हलवून पण नीट उठत नसेल, श्वास खूप हळू किंवा अडकत चाललेला वाटला तर त्याच क्षणी सिस्टरला ओरडून बोलवा, यावर उतारा देणारं औषध असतं. खाज सुटते, मळमळतं, त्याला गोळ्या असतात, तेवढ्यावरून ॲलर्जी लिहू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते औषधच बंद.

सलाईन, ऑक्सिजन, रक्त, या तिन्ही गोष्टी नातेवाईक म्हणून आपल्याला हव्याहव्याशा वाटतात. तोंडाने पाणी जात असेल तर बाटल्यांवर बाटल्या लावायची गरज नसते, जास्त पाणी फुप्फुसात साठून छातीत त्रास वाढतो. ऑक्सिजन बोटाच्या मशीनवर ९५ च्या खाली असेल तेव्हा कामाचा. आणि रक्त, माझा भाऊ ठणठणीत असताना त्याचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असतं, नवीन डॉक्टरला ८ बघून धक्का बसतो आणि लगेच पिशवी मागवतात. नुसत्या दुखण्याला रक्त लागत नाही, उगाच चढवलं तर रक्त घट्ट होणं, अँटीबॉडी तयार होणं, लोह साठणं असे त्रास. म्हणूनच पत्रात त्याचा नेहमीचा आकडा. छातीत गेलं, स्ट्रोक आला, हिमोग्लोबिन एकदम खाली गेलं तर मात्र रक्तच जीव वाचवतं, तेव्हा नाही म्हणायचं नाही.

अर्धा तास झाला की मी जाऊन विचारते, आवाज न चढवता: सिस्टर, २:१० ला इंजेक्शन झालं, ९ चं ८ झालंय, डॉक्टर परत कधी बघतील. वेळ लिहिलेली असली की बोलायला हिंमत येते. ऐकलं नाही तर ड्युटीवरचे सीएमओ (कॅज्युअल्टीचे मुख्य डॉक्टर), मग ऑन कॉल फिजिशियन, मग आपल्या डॉक्टरांना फोन लावून फोन सरळ तिथल्या डॉक्टरांच्या हातात. भांडण केलं की सगळं तिथेच थांबतं आणि भोगतो पेशंट. पत्र झाल्यानंतरच्या पहिल्या क्रायसिसला आमच्या वहीत असं आहे: १:०५ पोचलो, १:३५ पहिलं इंजेक्शन, २:०५ ला ७, २:१० दुसरा डोस, ३:०० ला ५, ३:२० ला त्याने चहा मागितला.

पिशवीत घोंगडी किंवा जाड चादर, मोजे, कानटोपी टाका, कॅज्युअल्टीत एसी सोडलेला असतो आणि बेड नेमका त्याच्याच खाली मिळतो, बेड हलवून मागा, वॉर्डबॉय मामा लोक हलवून देतात. तीन बॉलवालं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र असेल तर ते पण न्या. पेशंट जागा असताना दर २ तासांनी १० वेळा, आणि ते ओढायचं असतं, फुंकायचं नाही, आम्ही वर्षभर फुंकत होतो. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो आणि त्यातूनच छातीचं लफडं सुरू होतं, ॲडमिट असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण होऊ शकतं, म्हणून खोकला किंवा ताप नव्याने आला तर "आता तर बरा होता" म्हणत बसू नका, छातीचा एक्स-रे मागा.

सोडताना घाई करू नका. इंजेक्शन बंद करून तोंडाच्या गोळ्यांवर दुखणं धरून राहतंय का ते तिथेच बघायचं, पुढच्या काही दिवसांच्या गोळ्या लिहून घ्यायच्या, पोट साफ व्हायचं औषध पण, कारण त्या औषधांनी घट्ट होतंच. हायड्रॉक्सीयुरिया (क्रायसिस कमी यावेत म्हणून असलेली सिकलची रोजची गोळी) आपल्या मनाने बंद करायची नाही, तिथल्या कोणी बंद करा म्हटलं तर आपल्या डॉक्टरांना विचारून मगच. डिस्चार्जच्या कागदावर कुठलं औषध किती वेळा दिलं ते लिहिलंय का बघा, आणि आठवड्याच्या आत आपल्या ओपीडीत दाखवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकल आहे, कॉलेजात किंवा कामावर सुट्टीचा प्रश्न आला तर हे कागद तिथे पण लागतात.

परवा भावाचं वजन केलं, ५१ चं ५४ झालंय. पत्रावर अजून जुनंच आहे, म्हणून सोमवारी ओपीडीत जाऊन डोसची ती ओळ नवीन लिहून घ्यायची आणि बॅगेतली लॅमिनेट कॉपी बदलायची.